जुनी जीप आणि तिचे इंजिन : निवड, बदल आणि 'मूळ' स्वरूपाचा प्रश्न

(भारतीय जीपच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

बीजसंज्ञा : जीप, फोर-व्हील ड्राइव्ह, इंजिन-बदल, डिझेल, ट्रॅक्टर, गॅरेज, कारागिरीचे ज्ञान.

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने कंपन्यांचा, परवान्यांचा आणि शासकीय धोरणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वाहन एकदा कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले की त्याचा इतिहास संपतो, असे या लेखनात जणू गृहीतच धरलेले असते. प्रत्यक्षात भारतीय वाहनाचे आयुष्य कारखान्यात ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि त्या आयुष्यात त्याचे अनेक भाग बदलले जातात. जीप हे या बाबतीतील सर्वांत बोलके उदाहरण होय. चारही चाकांना इंजिनाची गती पोहोचविणारे, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारचे हे वाहन युद्धकाळात पेट्रोल इंजिनासह जन्मले. भारतात मात्र ते दीर्घकाळ ओळखले गेले ते डिझेल इंजिनासाठी. हा बदल एका दिवसात झाला नाही, आणि तो केवळ अभियंत्यांनी केला असेही नाही.

आज जुनी जीप बाळगणाऱ्या मालकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मूळ पेट्रोल इंजिन दुरुस्त करून ठेवावे, की त्या जागी दुसरे इंजिन बसवावे? दुसरे बसवायचे तर कोणते? हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजचा वाटतो. तथापि त्याच्या उत्तरात इंधनाच्या किमती, शेतीचे यांत्रिकीकरण, सुट्या भागांची उपलब्धता, मिस्त्रींचे कौशल्य आणि मोटार वाहन कायदा हे सर्व घटक एकत्र येतात. म्हणूनच तो इतिहासाचाही प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जीपच्या इंजिनाच्या निवडीमागील ऐतिहासिक कारणांचा शोध घेणे.
२) पेट्रोलकडून डिझेलकडे झालेल्या स्थित्यंतरात ट्रॅक्टर उद्योगाचे स्थान स्पष्ट करणे.
३) इंजिन-बदलातील तांत्रिक अडचणींच्या आधारे गॅरेजमधील ज्ञानाचे स्वरूप समजून घेणे.
४) कायद्यातील 'मूळ स्वरूप' या कल्पनेची इतिहासाच्या आधारे चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती विलीज जीप आणि तिच्यापासून भारतात विकसित झालेल्या महिंद्रा जीपगाड्यांपुरती मर्यादित ठेवली आहे. लष्करी 'जोंगा' या वाहनाचा उल्लेख केवळ तुलनेसाठी आला आहे.

१. जीपचा जन्म : इंजिनाने जिंकलेली स्पर्धा

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी वाहनाची मागणी केली, तेव्हा बँटम, विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या तीन कंपन्यांची वाहने पुढे आली. रचनेच्या दृष्टीने ती परस्परांच्या बरीच जवळ होती. निर्णायक फरक होता तो इंजिनात. बँटमच्या वाहनात सुमारे ४५ अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन होते. फोर्डने आपल्या शेतीच्या ट्रॅक्टरवरील इंजिनात फेरफार करून ते बसविले होते आणि त्याची शक्तीही जवळपास तेवढीच होती. विलीजचे इंजिन मात्र ६० अश्वशक्तीचे होते.

विलीजचे हे 'गो-डेव्हिल' इंजिन नव्याने घडविलेले नव्हते. कंपनीच्या जुन्या मोटारीतील ४८ अश्वशक्तीचे इंजिन मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी टप्प्याटप्प्याने सुधारून ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. त्याची क्षमता २,१९९ घन सें.मी. होती. सिलिंडरचा व्यास ७९.४ मि.मी. आणि पिस्टनचा पल्ला १११.१ मि.मी. असल्याने कमी फेऱ्यांवरही त्याची ओढ चांगली असे. अडचण होती ती वजनाची. लष्कराने घातलेल्या २,१६० पौंडांच्या मर्यादेत वाहन बसविण्यासाठी रूस यांनी इंजिन हलके केले नाही. इंजिन कायम ठेवून उर्वरित वाहनाचे वजन कमी केले. म्हणजेच जीपचे शरीर इंजिनाभोवती घडले. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या आणि त्या सर्वांत विलीजच्याच आराखड्याचे इंजिन होते.

या स्पर्धेतील एक गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ट्रॅक्टरवरून घेतलेले इंजिन १९४० मध्ये लष्कराच्या कसोटीवर मागे पडले. सुमारे साडेतीन दशकांनंतर भारतात ट्रॅक्टरचेच इंजिन जीपमध्ये यशस्वी ठरले. यंत्र तेच असले तरी त्याच्याकडून असणारी अपेक्षा बदलली, की निवडही बदलते.

२. माझगाव ते कांदिवली : पेट्रोल जीपचा काळ

१९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे झाले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी करण्याचे काम सुरू झाले. केवळ जोडणी न करता देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करावे, हे धोरण १९५३ नंतर शासनाने कठोरपणे राबविले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्या सुमारास भारतातील जोडणीचे कारखाने बंद केले. महिंद्रा कंपनीने मात्र उत्पादनाची वाट धरली.

भारतात रुजलेला जीपचा नमुना सीजे-३बी हा होता. अमेरिकेत तो १९५३ मध्ये बाजारात आला. त्याचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा ठळकपणे उंच होते. त्याचे कारण सौंदर्याचे नव्हते. 'हरिकेन' या नव्या पेट्रोल इंजिनात हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या होत्या. त्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या वर गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ मध्ये बंद झाला. भारतात उंच बॉनेटची ही ठेवण त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. ज्या इंजिनासाठी बॉनेट उंच झाले ते इंजिन बहुसंख्य गाड्यांतून निघून गेल्यानंतरही बॉनेट तसेच राहिले. जीपच्या चाहत्यांना 'अस्सल भारतीय जीप' म्हणून जी आकृती आठवते, ती अशा रीतीने एका निघून गेलेल्या इंजिनाची खूण आहे.

या काळात जीपचा मुख्य ग्राहक शासन हाच होता. लष्कर, पोलीस, वनखाते, पाटबंधारे, १९५२ पासूनच्या सामुदायिक विकास योजनेतील गटविकास यंत्रणा आणि महाराष्ट्रात १९६२ नंतर जिल्हा परिषदा यांच्या दारात जीप उभी राहिली. पेट्रोलचा खर्च कार्यालयाच्या लॉगबुकात पडत असल्याने चालकाला किंवा अधिकाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून सोसावा लागत नव्हता. त्यामुळे पेट्रोल इंजिनाची निवड कोणी फारशी तपासून पाहिली नाही. निर्लेखित झालेली जीप लिलावात खासगी मालकाच्या हाती आली, की मात्र हिशेब बदलत असे.

३. डिझेलचे शिक्षण : विहीर, ट्रक आणि ट्रॅक्टर

डिझेल इंजिन जीपमध्ये येण्यापूर्वी ते ग्रामीण जीवनात स्थिरावले होते, ही बाब महत्त्वाची आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने पुण्याजवळ खडकी येथे डिझेल इंजिनांचे उत्पादन केले आणि विहिरीवरचे 'इंजिन' महाराष्ट्रातील बागायतदाराच्या परिचयाचे झाले. १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा आणि मर्सिडीझ-बेंझ यांच्या सहकार्याने डिझेल ट्रक तयार होऊ लागले. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने ब्रिटनच्या पर्किन्स कंपनीची डिझेल इंजिने देशात आणली व बनविली. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीमुळे इंधन-पंप आणि नोझल यांसारखे अतिसूक्ष्म मापाचे भाग देशातच मिळू लागले. पुढे नाशिक येथेही या कंपनीचा कारखाना उभा राहिला. डिझेल इंजिनाची नाडी नोझल आणि पंप यांत असते. ते भाग व ते जुळविणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध होणे, हीच डिझेल जीपची खरी पूर्वतयारी होय.

तिसरा आणि निर्णायक टप्पा ट्रॅक्टरचा. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहकार्याने 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ हा ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रा कंपनीत विलीन झाली. अशा प्रकारे एकाच उद्योगसमूहाकडे दोन गोष्टी होत्या : पेट्रोलवर चालणारी जीप आणि डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर.

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर झपाट्याने वाढले. शेती आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून डिझेल मात्र शासनाने धोरणपूर्वक स्वस्त ठेवले. अशा परिस्थितीत १९७०च्या दशकाच्या मध्यास ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनावर आधारलेले सुमारे २,३५० घन सें.मी. क्षमतेचे इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. बाहेरून उसने तंत्रज्ञान न आणता घरातलेच यंत्र दुसऱ्या घरात हलविण्याचा हा प्रकार होता. अमेरिकेतही १९६०च्या दशकात जीपच्या मोठ्या नमुन्यांत पर्किन्स डिझेल इंजिनाचा पर्याय दिला गेला होता. तेथे पेट्रोल स्वस्त असल्याने तो पर्याय किरकोळच राहिला. तंत्र दोन्हीकडे उपलब्ध होते. ते रुजले मात्र जेथे इंधनाच्या दरातील तफावत मोठी होती तेथे.

४. इंजिन बदलले म्हणजे काय काय बदलले?

इंजिन-बदल म्हणजे एक यंत्र काढून दुसरे बसविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविताना काय घडते, हे थोडे तपशिलाने पाहिल्यास ही समजूत किती अपुरी आहे ते लक्षात येते.

पहिला प्रश्न वेगाचा. सीजे-३बी जीपमध्ये अॅक्सलमधील क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. ६.०० - १६ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास ४,००० फेऱ्यांवर पेट्रोल जीपचा वेग ताशी सुमारे ९८ कि.मी. येतो. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र दर मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांच्या आसपास काम करण्यासाठी घडविलेले असते. ती मर्यादा तशीच ठेवून ते या जीपमध्ये बसविले, तर वेग ताशी ४९ कि.मी. वर थांबतो. शेतात हा वेग पुरेसा आहे, महामार्गावर नाही. म्हणून एक तर इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवावी लागते, नाही तर क्राउन-पिनियनचे प्रमाण कमी करावे लागते. उदाहरणार्थ, हे प्रमाण ४.२७ केल्यास २,००० फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे ६२ कि.मी. मिळतो.

येथेच फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाचे वेगळेपण दिसते. साध्या गाडीत केवळ मागील क्राउन-पिनियन बदलून भागते. जीपमध्ये पुढील आणि मागील दोन्ही अॅक्सलचे प्रमाण एकच असावे लागते. ते वेगळे राहिल्यास पुढचा गिअर टाकताच पुढील व मागील चाके एकाच अंतरात वेगवेगळ्या फेऱ्या करू पाहतात आणि सर्व ताण ट्रान्सफर केस व शाफ्टवर येतो. खर्च वाचविण्यासाठी केवळ मागचे प्रमाण बदलले, तर पुढची चाके कायमची निकामी ठेवावी लागतात. अशी जीप दिसायला फोर-व्हील ड्राइव्ह असते. प्रत्यक्षात मात्र तिचे ते वैशिष्ट्य गेलेले असते.

दुसरा प्रश्न जोडणीचा. नव्या इंजिनाचे फ्लायव्हील आणि जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट एका सरळ रेषेत आणण्यासाठी मध्ये जाड पोलादी प्लेट लेथवर घडवून घ्यावी लागते. तिच्या मध्यात किंचितही फरक राहिला, तर क्लच आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग लवकर झिजते. पेट्रोल इंजिनाच्या शक्तीला पुरेसा असलेला तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स डिझेलच्या धक्क्यांना तितक्याच काळ टिकेल याची खात्री नसते. डिझेलचे वजन अधिक असल्याने पुढच्या पाट्यांना एखादे पान वाढवावे लागते. कंपन अधिक असल्याने माउंटिंगचे रबर बदलावे लागते व चासीवरील जोड तपासावे लागतात. जुन्या जीपमधील सहा व्होल्टची विद्युतरचना डिझेलच्या उच्च दाबाविरुद्ध इंजिन फिरविण्यास अपुरी पडते. म्हणून मोठी बॅटरी आणि वेगळा स्टार्टर आवश्यक ठरतो.

तिसरा प्रश्न सहसा लक्षात न येणारा आहे. पेट्रोल इंजिनाच्या हवा घेण्याच्या मार्गात निर्वात दाब तयार होतो. जुन्या जीपचे वायपर याच दाबावर चालत. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग आवळणारी झडप नसल्याने असा दाब मिळत नाही. परिणामी इंजिन बदलले की वायपर थांबतो. सर्व्हो ब्रेक बसवायचा असल्यास स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. इंजिन-बदलात प्रत्येक उत्तर नवा प्रश्न निर्माण करते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या अडचणी असूनही मालक डिझेलकडे वळले, कारण लाभही तसेच ठोस होते. इंधनाचा खर्च कमी झाला. कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ घाटात, चिखलात आणि ट्रॉली ओढताना उपयोगी पडली. स्पार्क प्लग व डिस्ट्रिब्यूटर नसल्याने कोकणातील आणि सह्याद्रीच्या पावसात ओल्यामुळे इंजिन बंद पडण्याचे प्रमाण घटले. ट्रॅक्टरसाठी साठविलेले डिझेल जीपलाही चालले. आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीच जीपही दुरुस्त करू लागला.

५. इगतपुरी : फ्रेंच इंजिनाचा पर्याय

१९७९ मध्ये महिंद्रा कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाच्या निर्मितीचा करार केला आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे इंजिनांचा कारखाना उभा राहिला. नावातील 'चार' हा आकडा सिलिंडरचा आणि 'नव्वद' हा त्यांच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. पिस्टनचा पल्ला ८३ मि.मी. आणि क्षमता २,११२ घन सें.मी. होती. १९८०च्या दशकात आलेल्या एमएम ५४० या जीपला याच इंजिनाने सुमारे ६२ अश्वशक्ती दिली.

येथे एक आकडा लक्ष वेधून घेतो. युद्धकाळातील विलीज जीप ६० अश्वशक्तीची होती. चार दशकांनंतरची भारतीय डिझेल जीप जवळपास तेवढ्याच शक्तीची होती. शक्तीच्या बाबतीत ही प्रगती नव्हती. तेवढीच शक्ती कमी खर्चात मिळविणे हीच प्रगती होती. भारतीय परिस्थितीत इंजिनाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर झाले, हे यातून स्पष्ट होते.

प्यूजोचे इंजिन मूलतः मोटारीच्या घराण्यातील होते. याच मापाचे डिझेल इंजिन प्यूजो ५०४ या मोटारीतही होते. व्यास मोठा आणि पल्ला आखूड असल्याने ते अधिक फेऱ्यांवर मोकळेपणाने चालत असे. रस्त्यावरील प्रवासात ते सुखद ठरले. ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंजिन मात्र लांब पल्ल्याचे, संथ आणि सोसणारे होते. मालकाला या दोहोंत निवड करताना आपले काम ओळखावे लागत असे : रोज दूरचा प्रवास असेल तर पहिले, ओझे आणि कच्चा रस्ता असेल तर दुसरे. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज टेम्पो कंपनी मर्सिडीझ-बेंझच्या परवान्यावर बनवीत असलेले डिझेल इंजिन हा गॅरेजमध्ये उपलब्ध असलेला आणखी एक पर्याय होता.

कालांतराने काय टिकले, हे पाहणे उद्बोधक आहे. महिंद्रा कंपनीने पुढे वापरलेल्या डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिनाची क्षमता २,५२३ घन सें.मी. होती, व्यास ८८.९ मि.मी. आणि पल्ला १०१.६ मि.मी. हे आकडे इंचात मांडले तर साडेतीन इंच आणि बरोबर चार इंच येतात. मेट्रिक पद्धत स्वीकारलेल्या देशात इंचाची ही पूर्ण मापे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनांच्या घराण्याकडे बोट दाखवितात. याच मापाचे इंजिन बोलेरोमध्ये आणि २०१० मध्ये आलेल्या 'थार'च्या एका प्रकारात होते. मोटारीच्या घराण्यातील फ्रेंच इंजिन मागे पडले. ट्रॅक्टरचे माप एकविसाव्या शतकातही चालत राहिले. इतिहासाची साधने केवळ दफ्तरात नसतात, सिलिंडरच्या मापातही असतात.

६. शासकीय जीप ते वडाप

डिझेलमुळे जीपचे सामाजिक स्थान बदलले. पेट्रोलच्या काळात जीप म्हणजे साहेबांची गाडी होती. डिझेलच्या काळात ती बागायतदाराची, दूध संकलकाची, ठेकेदाराची आणि अखेर प्रवाशांची झाली. १९९१ मध्ये आलेल्या 'कमांडर' मालिकेतील लांब गाड्या पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' आणि अन्यत्र 'काळी-पिवळी' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीत मोठ्या संख्येने दिसू लागल्या. एस.टी.ची फेरी नसलेल्या वेळी आणि वाटेवर याच गाड्यांनी बाजार, शाळा व दवाखाना गाठून दिला. या वाहतुकीतील दाटी, अपघात आणि बेकायदेशीरपणा हे प्रश्न गंभीर होते. तथापि पेट्रोल इंजिनावर हा व्यवसाय उभाच राहिला नसता. यांतील अनेक गाड्यांना पुढच्या चाकांची गती नव्हतीच. ज्या गुणासाठी जीप जन्मली तो गुण सोडून देऊन ती लोकांपर्यंत पोहोचली.

तुलनेसाठी 'जोंगा' या वाहनाकडे पाहता येईल. जबलपूर येथील कारखान्यात निसानच्या आराखड्यावर लष्करासाठी बनलेल्या या वाहनात ३,९५६ घन सें.मी.चे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. लष्करात इंधनाचा हिशेब वेगळा असल्याने ते दीर्घकाळ चालले. लिलावात नागरी मालकांकडे आलेल्या जोंगांपुढे मात्र तोच जुना प्रश्न उभा राहिला आणि अनेकांत डिझेल इंजिने बसली. वाहन वेगळे, देशातील आर्थिक तर्क एकच.

७. कायदा आणि 'मूळ' इंजिन

वाहनात केलेला बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात पूर्वीपासून होती. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक आणि इंधन बदलून मिळाले की बदल अधिकृत होई. १९८८च्या कायद्यातील कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली आणि निकष बदलला. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असा नियम आला. पर्यायी इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची मुभा मात्र ठेवण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ कायम केला.

या नियमामागील हेतू योग्य आहे. चुकीच्या जोडणीची जीप घाटात इतरांच्या जिवाला धोका ठरते. डिझेलच्या धुराबाबतही आता संदेह उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये तो मानवात कर्करोग घडविणारा असल्याचे जाहीर केले. सार्वजनिक सुरक्षितता व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी नियंत्रण आवश्यकच आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला 'मूळ' या शब्दापाशी थांबावे लागते. सीजे-३बी जीपचे मूळ इंजिन कोणते? अमेरिकी आराखड्यातील पेट्रोल इंजिन, की कंपनीनेच पुढे त्याच सांगाड्यात बसविलेले ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन? एका विशिष्ट वर्षी कारखान्यातून निघालेल्या विशिष्ट जीपपुरते उत्तर नोंदणीपुस्तकात मिळते. वाहनप्रकाराच्या पातळीवर मात्र 'मूळ' ही स्थिर अवस्था नसून बदलांची साखळी आहे. कारखान्याने केलेला बदल 'नवा नमुना' ठरतो आणि गॅरेजने केलेला तोच बदल 'फेरफार' ठरतो. या भेदाला सुरक्षिततेच्या चाचणीचा आधार आहे, हे मान्यच केले पाहिजे; परंतु गॅरेजमधील बदलात ज्ञान नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही.

जुन्या जीपचे जतन करणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. पेट्रोल इंजिन शोधून बसविले तर जीप तिच्या जन्मवर्षाशी प्रामाणिक राहते. पण तिने डिझेलवर शेतात काढलेली तीस वर्षे पुसली जातात. डिझेल कायम ठेवले तर तिचे आयुष्य जपले जाते. पण आराखडा हरवतो. दोन्ही निवडी समर्थनीय आहेत. अट एकच, की काढलेल्या इंजिनाची नोंद राहिली पाहिजे.

निष्कर्ष

१) जीपच्या इंजिनाची निवड प्रत्येक टप्प्यावर वापरकर्त्याच्या गरजेने ठरली. लष्कराने शक्ती निवडली; भारतीय मालकाने काटकसर आणि दुरुस्तीची सुलभता निवडली.

२) डिझेलकडे झालेले स्थित्यंतर हे केवळ तांत्रिक नव्हते. इंधनदराचे धोरण, ट्रॅक्टर उद्योग आणि विहिरीवरच्या इंजिनापासून तयार झालेले ग्रामीण यंत्रज्ञान यांचा तो एकत्रित परिणाम होता.

३) जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनासाठी इंजिन निवडताना अश्वशक्तीपेक्षा इंजिनाच्या फेऱ्या, दोन्ही अॅक्सलचे प्रमाण, गिअरबॉक्सची ताकद आणि सुट्या भागांची उपलब्धता हे घटक अधिक निर्णायक ठरतात.

४) कायद्यातील 'मूळ स्वरूप' ही सुरक्षिततेसाठी उपयुक्त संज्ञा आहे, ऐतिहासिक वर्णनासाठी ती अपुरी आहे.

समारोप

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये शासकीय नियंत्रणातून मुक्त झाले. ज्या तफावतीवर डिझेल जीप उभी होती ती तफावत त्यानंतर आकुंचन पावली. २०२० मध्ये आलेल्या नव्या 'थार'मध्ये डिझेलबरोबर पेट्रोल इंजिनाचाही पर्याय देण्यात आला. विद्युत संचाच्या रूपाने इंजिन-बदलाचा आणखी एक टप्पा आता समोर आहे. म्हणजे डिझेलचा काळही अंतिम नव्हता. तो एका आर्थिक परिस्थितीचा काळ होता.

या काळाची साधने वेगाने नाहीशी होत आहेत. जिल्हा परिषदांची व साखर कारखान्यांची जुनी लॉगबुके, परिवहन कार्यालयांतील इंजिन-बदलाच्या नोंदी, लेथ कारखान्यांच्या वह्या आणि वयोवृद्ध मिस्त्रींच्या आठवणी यांचे संकलन अद्याप शक्य आहे. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांतून हे काम हाती घ्यावे. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या जीपमध्ये कोणते इंजिन बसले, ही नोंद क्षुल्लक वाटेल. परंतु ग्रामीण महाराष्ट्राने यंत्र विकत घेतले इतकेच नव्हे, तर ते आपल्या गरजेनुसार पुन्हा घडविले, याचा पुरावा अशाच नोंदींत आहे.